करपा, बटाट्यावरील : प्रसाराचा इतिहास

फायटोप्थोरा इन्फेस्टान्स ह्या कवकसदृश सूक्ष्मजीवामुळे बटाट्याची पाने, खोड आणि ग्रंथिक्षोड (जमिनीत वाढणारे मांसल खोड, व्यवहारातील बटाटा) ह्यांवर पडणारा विध्वंसक रोग. तो बहुधा पिकाच्या वाढीच्या उत्तरार्धात दिसतो म्हणून त्यास ‘उशिराचा करपा’ असे म्हणतात. अल्टर्नेरिया सोलानी ह्या कवकामुळे होणारा ‘लवकर येणारा करपा’ हा निराळा रोग होय. त्याच्या ठिपक्यांत एकात एक अशी वर्तुळे असतात. मराठीत करपा ही संज्ञा अनेक पिकांच्या रोगांना लावतात. पुणे जिल्ह्याच्या भोर व वेल्हे भागातील, राजगडाच्या पायथ्याच्या पालीसारख्या भातशेतीच्या गावांत करपा म्हणजे भातावरील करपा. आंबेमोहोरासारख्या सुवासिक जातींवर तो विशेष पडतो आणि त्याचे कारण पिरिक्युलेरिया हे सर्वस्वी भिन्न कवक आहे. प्रस्तुत नोंदीत बटाट्यावरील उशिराच्या करप्याचाच विचार केला आहे.

ह्या रोगाचा प्रसार दोन वाटांनी होतो. एक वाट हवेची व पाण्याची. तिने रोग काही दिवसांत शेतभर व शिवारभर पसरतो. दुसरी वाट बियाण्याची. तिने तो एका हंगामातून पुढच्या हंगामात आणि एका खंडातून दुसऱ्या खंडात जातो. पहिली वाट शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसते, दुसरी दिसत नाही. रोगाच्या इतिहासातील बहुतेक आपत्तींचे मूळ दुसऱ्या वाटेकडे झालेल्या दुर्लक्षात सापडते.

रोगाचे स्वरूप व प्रसाराची रीत : प्रथम पानाच्या टोकाशी किंवा कडेस पाणी भरल्यासारखे फिकट हिरवे ठिपके पडतात. ते झपाट्याने वाढून तपकिरी व पुढे काळे होतात. हवा दमट असेल, तर सकाळी पानाच्या खालच्या बाजूस ठिपक्याच्या कडेने पांढरी विरळ लव दिसते. ही लव म्हणजे पानाच्या त्वग्रंध्रांतून बाहेर आलेले कवकतंतू असून त्यांच्या टोकांवर लिंबाच्या आकाराचे बीजुककोश धरलेले असतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांहून अधिक आणि तापमान १६° ते २२° से. असल्यास एका रात्रीत असे असंख्य बीजुककोश तयार होतात. सकाळी हवा थोडी कोरडी होऊ लागली की ते सुटून वाऱ्याबरोबर जातात किंवा पावसाच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या झाडांवर उडतात.

ओल्या पानावर पडलेला बीजुककोश दोन प्रकारे रुजतो. तापमान १०° ते १५° से. असल्यास तो फुटून त्यातून पोहणारे चलबीजुक बाहेर पडतात. ते पानावरील पाण्याच्या थरात काही काळ हालचाल करतात, मग स्थिर होऊन अंकुरनलिका काढतात आणि पानात शिरतात. तापमान २०° से.च्या वर असेल, तर बीजुककोश सरळ एकच अंकुरनलिका काढतो. म्हणजे थंड हवेत एका बीजुककोशापासून अनेक ठिकाणी संसर्ग होऊ शकतो, उबदार हवेत एकाच ठिकाणी. संसर्गानंतर तीन ते पाच दिवसांत नवे ठिपके दिसतात आणि आठवड्याच्या आत त्यांवर नवे बीजुककोश येतात. अशी तीन-चार आवर्तने लागोपाठ झाली की हिरवेगार शेत काळे पडते व त्यास कुजका वास येतो. उलट कडक ऊन व कोरडा वारा ह्यांत बीजुककोश काही तासांतच मरतात आणि तापमान ३०° से.च्या वर राहिले तर रोगाची वाढ थांबते.

पानांवरील बीजुककोश पावसाने धुपून जमिनीत उतरतात, तेव्हा बटाट्यालाही संसर्ग होतो. डोळे, सालीवरील सूक्ष्म रंध्रे व जखमा ह्यांतून रोग आत जातो. सालीवर किंचित खोलगट, जांभळट तपकिरी डाग पडतात आणि सालीखालचा गर गंजाच्या रंगाचा होतो. अशा बटाट्यात पुढे जीवाणू शिरून तो सडतो. सर्वच रोगट बटाटे मात्र सडत नाहीत. ज्यांत संसर्ग अल्प असतो, ते चांगल्या बटाट्यांत मिसळून साठवणीत राहतात आणि पुढील हंगामात बियाणे म्हणून लावले जातात. त्यांतील मोजक्याच बटाट्यांपासून रोगट कोंब वर येतो, परंतु अनुकूल हवा लाभल्यास शिवारातील साथीचा आरंभ होण्यास तेवढे पुरे होते.

यूरोपातील साथ : रोगाच्या मूलस्थानाबद्दल मतभेद आहेत. मध्य मेक्सिकोतील डोंगराळ प्रदेश हे ते स्थान असावे, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. काहींच्या मते ते दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात आहे. १८४३ मध्ये हा रोग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया ह्यांच्या परिसरात, दिसून आला. १८४५ च्या उन्हाळ्यात तो बेल्जियममध्ये प्रकट झाला आणि काही आठवड्यांत नेदर्लंड्स, फ्रान्स, जर्मनी व इंग्लंड येथे पसरून त्याच वर्षी आयर्लंडला पोहोचला.

रोग यूरोपभर पसरला, पण खरा प्रलय झाला तो आयर्लंडमध्ये. तेथील गरीब कुळे व मजूर जवळजवळ केवळ बटाट्यावरच जगत. जमिनीचे लहान तुकडे खंडाने घेऊन ते त्यांत बटाटा लावीत आणि धान्य व गुरे खंडाच्या पैशांसाठी विकीत. लावलेल्या जातीही मोजक्याच होत्या. बटाट्याची लागवड कंदापासून होत असल्यामुळे एका जातीची सर्व झाडे गुणधर्मांत एकसारखी असतात. जे एका झाडास बाधते ते सर्वांस बाधते. १८४६ मध्ये पीक जवळजवळ पूर्णपणे बुडाले. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लक्ष असलेली आयर्लंडची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लक्षांवर आली. सुमारे १० लक्ष माणसे उपासमार व तिच्या पाठोपाठ आलेले रोग ह्यांनी मेली. तितकीच किंवा अधिक देश सोडून गेली. ह्या काळातही आयर्लंडमधून धान्याची निर्यात चालूच होती. पीक कवकाने बुडविले हे खरे. पण दुष्काळ पडला तो जमीनधारणेची पद्धत व शासनाचे धोरण ह्यांमुळेही, असे इतिहासकार मानतात.

कारणाचा शोध : रोग कशाने होतो, ह्याविषयी १८४५ मध्ये मोठा वाद झाला. कोणी त्याचा दोष विजेला दिला, कोणी आगगाडीच्या धुराला, कोणी दैवी कोपाला. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली ह्यांच्या मते अतिवृष्टीमुळे झाडांनी शोषलेले जादा पाणी बाहेर पडू न शकल्याने ती कुजली व कवक हे त्या कुजण्याचे फळ होते. फ्रान्समध्ये कामीय माँताञ्य ह्यांनी १८४५ मध्ये ह्या कवकाचे वर्णन करून त्यास नाव दिले. माइल्स बर्कली ह्या इंग्रज धर्मोपदेशकाने १८४६ मध्ये कवक हेच रोगाचे कारण असल्याचे प्रतिपादन केले, पण तेव्हा ते अनेकांना पटले नाही. जंतूंपासून रोग होतात हा सिद्धांत लूई पाश्चर ह्यांच्या कार्याने मान्य होण्यास अद्याप अवधी होता.

वादाचा निकाल जर्मन शास्त्रज्ञ हाइन्‍रिख आंतोन द बारी ह्यांनी प्रयोगाने लावला. १८६१ मध्ये त्यांनी निरोगी झाडांवर बीजुककोश सोडून रोग उत्पन्न करून दाखविला. ज्यांवर ते सोडले नव्हते, ती झाडे तशाच ओल्या हवेत निरोगी राहिली. हवा हे कारण नसून निमित्त आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. १८७६ मध्ये द बारी ह्यांनी कवकास फायटोप्थोरा हे प्रजातिनाम दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘वनस्पतींचा नाश करणारा’ असा होतो. वनस्पतिरोगविज्ञान ही स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहण्यास ह्या एका रोगाचा अभ्यास फार मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला. अलीकडील वर्गीकरणानुसार फायटोप्थोराचा समावेश खऱ्या कवकांत न करता तपकिरी शैवलांशी नाते असलेल्या ऊमायसीट गटात करतात. ही बाब व्यवहारातही महत्त्वाची आहे, कारण कवकांवर चालणारी कित्येक औषधे ह्या गटावर निष्प्रभ ठरतात.

भारतातील प्रवेश : बटाटा भारतात पोर्तुगीजांमार्फत आला आणि मराठीतील ‘बटाटा’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला. रोग मात्र त्यानंतर फार उशिरा, यूरोपातून आणविलेल्या बियाण्याबरोबर, शिरला. निलगिरी पर्वतात त्याची नोंद १८७० ते १८८० च्या दरम्यान झाली. १८८३ मध्ये तो दार्जिलिंग भागात दिसला. दोन्ही ठिकाणी थंड हवा, धुके व वर्षातून एकाहून अधिक पिके असल्यामुळे रोगास कायमचा आश्रय मिळाला. दार्जिलिंगचे बियाणे खाली मैदानात जाऊ लागले, तेव्हा त्याबरोबर रोगही उतरला. १८९९–१९०० च्या हंगामात बंगालमधील हुगळी जिल्ह्यात आणि १९१२–१३ च्या सुमारास बिहारमधील भागलपूरकडे त्याने पिकाचे नुकसान केले. पण आश्चर्य असे की, मैदानात तो टिकत नसे. एका हिवाळ्यात कहर करणारा रोग पुढील हिवाळ्यात नाहीसा झालेला असे.

ह्या कोड्याचे उत्तर शोधण्यात जहांगीर फर्दुनजी दस्तूर ह्या भारतीय शास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कृषि-संशोधन संस्थेत ते एडविन बटलर ह्या कवकशास्त्रज्ञांच्या विभागात काम करीत. १९१५ व १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत त्यांनी बटाट्याच्या करप्याच्या भारतातील वाटपाचा संबंध तापमानाशी जोडला. मैदानातील उन्हाळ्यात साध्या साठवणीत ठेवलेल्या रोगट बटाट्यांत कवक जिवंत राहत नाही. म्हणून तेथे रोग पुन्हा पडतो, तो डोंगरातून नवे रोगट बियाणे आले तरच. उत्तर भारताचा उन्हाळा हाच ह्या रोगाविरुद्धचा एक नैसर्गिक बांध ठरला होता.

दस्तूर ह्यांनी पुसा येथेच एरंडीवरील फायटोप्थोरा पॅरासिटिका ह्या नव्या जातीचे वर्णन १९१३ मध्ये केले. पुढे ते नागपूर येथे मध्य प्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ झाले आणि तेथील पानवेलीच्या रोगांवरही त्यांनी काम केले. बटाट्याच्या करप्याचे हे सगोत्र मराठी मुलखास अपरिचित नाहीत. विदर्भातील पानमळ्यांत वेली मर होऊन जातात ती फायटोप्थोरामुळे आणि कोकण व गोवा येथील सुपारीच्या बागांत पावसाळ्यात फळांची गळ करणारा कोळेरोग होतो तोही त्याच प्रजातीच्या दुसऱ्या जातीमुळे.

पुणे जिल्हा : सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे जावे तसा पुणे जिल्ह्यातील पाऊस झपाट्याने कमी होत जातो. पश्चिम टोकास भोर-वेल्ह्याचा व मावळाचा पट्टा. तेथे पावसाळ्यात दिवसेंदिवस धुके, संततधार आणि थंड हवा असते. बटाट्याच्या करप्यास हवे ते हवामान पालीच्या खोऱ्यात पुरेपूर आहे; पण तेथील खाचरांत भात उभा असतो, बटाटा नव्हे. रोग होण्यास रोगकारक जीव, त्यास बळी पडणारे पीक व अनुकूल हवा ही तिन्ही एकत्र यावी लागतात. पालीत ह्यांपैकी पीकच नसल्याने हा करपा नाही. भाताचे पीक व भाताचे कवक एकत्र आहेत, म्हणून तेथे भाताचा करपा आहे.

बटाट्याची लागवड जिल्ह्याच्या उत्तर भागात, खेड, आंबेगाव व जुन्नर तालुक्यांत, एकोणिसाव्या शतकापासून होत आली आहे. आंबेगाव तालुक्यातील पेठ, कुरवंडी, भावडी, थुगाव इ. गावांचे सातगाव पठार हे पावसाळी बटाट्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. देशात इतरत्र बटाटा मुख्यतः हिवाळ्यात होतो. येथे तो जून-जुलैत लावून पावसाळ्याच्या अखेरीस काढतात. येथील शेतकऱ्याला सतत भेडसावणारा प्रश्न बियाण्याचा होता. पावसाळी पिकासाठी लागणारे बियाणे मार्च ते मे ह्या कडक उन्हात राखणे कठीण, म्हणून ते बाहेरून आणावे लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते मोठ्या प्रमाणात इटलीहून मुंबईमार्गे येत असे. पहिल्या महायुद्धात ही आयात विस्कळीत झाली, तेव्हा मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने बटाट्याच्या लागवडीची व साठवणीची पाहणी हाती घेतली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य व नंतर खात्याचे संचालक झालेले हॅरोल्ड मान आणि त्यांचे भारतीय सहकारी ह्यांचा पश्चिम भारतातील बटाट्याच्या लागवडीवरील अहवाल १९२० मध्ये प्रसिद्ध झाला.

दख्खनच्या बटाटा उत्पादकाचे त्या काळातील मोठे शत्रू साठवणीतील सड, बटाट्यावरील पतंग आणि ‘बांगडी’ हे होत. बांगडी हा जीवाणुजन्य मर रोग असून बटाटा कापला असता आत बांगडीसारखे तपकिरी वलय दिसते, त्यावरून त्यास हे नाव पडले. पतंगाची कीड भारतात १९०६ च्या सुमारास इटलीहून आलेल्या बियाण्यातूनच शिरली, असे मानतात. करप्याविरुद्ध दख्खनचा उन्हाळा बांधासारखा उभा होता. पण ज्या शत्रूंना उष्णता मानवते, त्यांना तोच सोयीचा ठरला. बियाण्याची वाट एकच होती. तिने काय आत येते व काय तगते, हे स्थानिक हवामान ठरवीत होते.

बांध फुटतो : विसाव्या शतकाच्या मध्यास हे चित्र बदलले. १९४० च्या दशकापासून उत्तर भारताच्या मैदानातही करपा वरचेवर पडू लागला. ह्यास एक कारण झाले शीतगृह. उन्हाळ्यात बियाणे न सडता राहावे म्हणून ते थंड ठिकाणी ठेवू लागले आणि ज्या उष्णतेने बटाट्यातील कवक मरत असे, तिच्यापासून कवकाचेही रक्षण झाले. शेतकऱ्याची निकड खरी होती आणि शीतगृहाने ती भागविली, हेही खरे. परंतु त्या सोयीबरोबर बियाणे तपासून घेण्याची जबाबदारीही वाढली. सातगाव पठारावर व मंचरच्या बाजारात लागवडीसाठी येणारे बियाणे आता मुख्यतः पंजाबातून येते. ऑगस्टमध्ये ढगाळ हवा, रिमझिम व धुके लांबले की पठारावर करप्याची चिन्हे दिसू लागतात.

उपायांचा इतिहास : मोरचुदाचे द्रावण व चुना ह्यांपासून केलेले बोर्डो मिश्रण फ्रान्समधील पिएर मियार्दे ह्यांनी १८८५ मध्ये द्राक्षवेलीच्या केवडा रोगासाठी प्रसिद्ध केले, ते लवकरच बटाट्यासही वापरण्यात येऊ लागले. हे मिश्रण संसर्ग होण्यापूर्वी पानावर असेल तरच उपयोगी पडते. म्हणून फवारणी केव्हा करावी, ह्याचे ज्ञान महत्त्वाचे ठरले. इंग्लंडमध्ये ए. बोमाँट ह्यांनी १९४७ मध्ये असा नियम मांडला की, सलग ४८ तास तापमान १०° से.च्या खाली न गेल्यास व सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली न उतरल्यास रोग अपेक्षावा. भारतात केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ह्याच तत्त्वावर ‘झुलसाकास्ट’ ही पूर्वानुमान पद्धती विकसित केली. झुलसा हे करप्याचे हिंदी नाव होय.

ही संस्था १९४९ मध्ये पाटणा येथे स्थापन झाली व १९५६ मध्ये सिमल्यास हलविण्यात आली. तिचे एक केंद्र पुणे जिल्ह्यात राजगुरुनगर (खेड) येथे होते व पावसाळी बटाट्याचे प्रश्न तेथे अभ्यासले जात. १९६८ मध्ये संस्थेने प्रसृत केलेली कुफ्री ज्योती ही जात करप्यास प्रतिकारक असून सातगाव पठारावरही तिचा मोठा प्रसार झाला. काही वर्षांनी कवकाचे नवे प्रकार उद्भवून हा प्रतिकार क्षीण झाला. आंतरप्रवाही औषधांचीही तीच गत झाली. मेटॅलॅक्सिल हे प्रभावी औषध १९७० नंतरच्या दशकात वापरात आले आणि १९८० मध्येच आयर्लंड व नेदर्लंड्स येथे त्यास न जुमानणारे प्रकार आढळले.

अलीकडील घडामोडी : ह्या कवकाचे ए-१ व ए-२ असे दोन समागम-प्रकार आहेत. ते एकत्र आले तरच लैंगिक प्रजोत्पादन होऊन जाड भित्तीचे, जमिनीत दीर्घकाळ टिकणारे बीजुक तयार होतात. मेक्सिकोबाहेर शतकाहून अधिक काळ केवळ ए-१ हाच प्रकार होता. १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ए-२ आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि नंतर तो इतर खंडांतही मिळाला. ‘१३-ए-२’ ह्या नावाचा आक्रमक व मेटॅलॅक्सिलला दाद न देणारा वंशप्रकार यूरोपातून दक्षिण भारतात पोहोचला. २००९–१० च्या सुमारास तेथे टोमॅटो व बटाटा ह्यांवर पडलेल्या तीव्र साथी त्याच्याशी निगडित असल्याचे दिसून आले; २०१३–१४ मध्ये पश्चिम बंगालमधील बटाट्यावरील साथीतही तो आढळला. टोमॅटो हे बटाट्याच्याच कुलातील पीक असल्यामुळे जेथे दोन्ही जवळजवळ घेतली जातात, तेथे रोगास एकाकडून दुसऱ्याकडे जाणे सुलभ होते. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत दोन्ही पिके होतात, हे ह्या संदर्भात ध्यानात घ्यावे लागते.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वनस्पतिसंग्रहालयांत जपलेल्या एकोणिसाव्या शतकातील रोगट पानांतून कवकाचे आनुवंशिक द्रव्य वेगळे काढण्यात आले. आयर्लंडवर आपत्ती आणणारा वंशप्रकार पुढील काळात जगभर आढळलेल्या प्रकाराहून निराळा होता, असे त्यावरून दिसून आले. म्हणजे रोग एकदाच येऊन स्थिरावला असे नसून तो नव्या रूपात पुन:पुन्हा प्रवास करीत राहिला आहे.

१८४५ मधील यूरोप, १८८३ मधील दार्जिलिंग, १९०० मधील हुगळी व २००९ मधील दक्षिण भारत ह्या घटनांत हवा, पीक व काळ भिन्न असले, तरी माणसाने नेलेला रोगट कंद हा बहुतेकांचा समान दुवा दिसतो. धुके व पाऊस ह्यांवर शेतकऱ्याचा ताबा नाही. बियाण्यावर काही प्रमाणात आहे. निरोगी शेतातील प्रमाणित बियाणे घेणे, लावणीपूर्वी डाग पडलेले बटाटे निवडून काढणे, सरींवर पुरेशी माती चढविणे, पाला करपल्यास तो कापून काही दिवसांनी काढणी करणे आणि काढणीनंतर टाकून दिलेल्या बटाट्यांचे ढीग बांधावर न ठेवता पुरून टाकणे, ही कामे साधी व जुनीच आहेत. दीडशेहून अधिक वर्षांच्या संशोधनानंतरही त्यांचे महत्त्व कमी झालेले नाही, कारण रोगाची पहिली वाट ऋतूवर अवलंबून असली तरी दुसरी माणसाच्या हातून जाते.